कडेने निळ्या

दांडिया बाजारातली लॅब. रात्रीचे साडेनऊ.
लीशमनचा जांभळा डाग आजही बोटावर.
डॉक्टर घोरपड्यांचा फोन:
"डेंग्यूच ना? प्लेटलेट उतरल्यात."

ब्याण्णव पेशी मोजल्यात. छप्पन्न लिम्फोसाइट.
डेंग्यूतल्या मला पाठ आहेत,
आटोपशीर, गडद, शाई प्यायल्यासारख्या.
या तशा नाहीत.
या पसरट, फिक्या, ऐसपैस,
आणि तरी शेजारच्या तांबड्या पेशीपाशी
कड मुडपून घेतात,
बाकावर कुणी सरकून जागा द्यावी तशा.
निळ्या असल्याच तर
तेवढ्या कडेलाच.

"घसा बघितलात तिचा? मानेतल्या गाठी?"
पलीकडे शांतता.

बाहेर हेमांगीचे वडील
पपईच्या पानांची जुडी मांडीवर घेऊन बसलेत.
ती राहू द्या, असं सांगायचा
मला अधिकार नाही.

अजून आठ पेशी मोजायच्यात.