तत्ती

डॉक्टरांनी चिठ्ठीत गोळ्यांच्या खाली लिहिलं :
रोज दोन अंडी.
अप्पांनी चिठ्ठीची घडी घातली,
चार पदरी, मग आठ पदरी,
कारखान्यातून स्वस्तात आणलेल्या
सेकंड मालाच्या टॉवेलची घालायचे, तशी.

गळ्यात लिंग. एकसष्ट वर्षं.
आईनं विचारलं, त्याच्याऐवजी डाळ? शेंगा?
डॉक्टर म्हणाले, त्याही द्या. पण वजन बघा, बाई.
बेचाळीस किलो.

आमच्या घरात कन्नडच जास्त, अंड्याला तत्ती म्हणतात.
शब्द घरात होता, वस्तू नव्हती.
आता वस्तू आली, आणि शब्द कुणी उच्चारेना.
परसात वेगळा स्टोव्ह, जर्मनचं वेगळं पातेलं,
पाणी उकळेपर्यंत आई पाठ करून उभी.
अप्पा तिथंच उभ्यानं खायचे, मीठ न लावता,
गोळी गिळावी तसे,
आणि टरफलं कागदात बांधून
लांब, चौकातल्या कचराकुंडीत टाकून यायचे.

पाचव्या दिवशी पोट बंद.
डबा घेऊन जायचे, बसायचे, परत यायचे.
पुन्हा जायचे.
शेजारच्या मैनुद्दीनचाचांनी हे हेरलं,
म्हणाले, काय बे शरणप्पा,
तत्ती आत गेली आन् टट्टी भायेर येईना व्हय!
सगळी गल्ली हसली. अप्पाही हसले थोडं.
रात्री मात्र आईला हळूच म्हणाले,
सिद्धरामानं कडी लावली गं आतून.

मी सात रस्त्याला औषधाच्या दुकानात बसते.
इसबगोल मागणारे पुरुष
आधी इकडंतिकडं बघतात, मग आवाज खाली आणतात,
चोरीचा माल मागावा तसे.
मला त्यांचं काही वाटत नाही, पुडा काढून देते.
पण आपल्याच बापाला विचारायचं तर
जीभ टाळूला चिकटते.

विचारलं शेवटी. अप्पा, अंड्यासोबत काय खाता?
काही नाही.
आणि भाकरी?
गप्प.
दुपारी?
चहा, टोस्ट.
रात्री?
टोस्ट.

भाकरीच्या पाटीला तुझी आई हात लावते, म्हणाले.
ह्या हातानं मी कसा लावू.

म्हणजे सिद्धराम नव्हताच त्यात.
अंड्यात चोथा नसतो, अप्पा, मी म्हटलं,
एवढासुद्धा नाही.
चोथा भाकरीत असतो, अंबाडीत, काकडीच्या सालीत.
तुम्ही ज्याला शिवत नव्हता
त्यातच होती किल्ली.
नुसत्या ताण्यावर कापड विणतं का?
आडवं सूत नको?
ह्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून
जॉबरसारखे म्हणाले, आडवं न्हाई, बाणा म्हण.

आईनं सगळं ऐकलं होतं, चुलीपाशी.
काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी पाटी उचलून परसात आणली,
गरम ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ताकाचा तांब्या,
आणि त्यांच्या शेजारी खाली मांडी घालून बसली,
एकाच पाटीत. तिच्या कडेला चटणी.
त्यांच्या कडेला ती दोन, पांढरी.
खा, म्हणाली. निवतंय.

तिसऱ्या दिवशी पहाटे, अजून अंधार,
मला जाग आली ती डब्याच्या आवाजानं :
नळाखाली रिकामा डबा,
मग भरलेला,
मग चपलांचा घाईचा आवाज.

बराच वेळ गेला.
मग परत चपला, संथ.
आईनं अंधारातच विचारलं,
झालं?
ते म्हणाले, झालं.
आणि तोंड धुऊन, बाहेर ओट्यावर टेकून,
कधी नव्हे ते ओठांत मागाचा ठेका धरला,
खट्-खटाक, खट्-खटाक,
कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली होती.

पातेल्यात पाणी तापायला लागलं होतं.
आई ह्या खेपेला तोंड त्याच्याकडं करून उभी होती,
मिनिटं मोजत.