परीक्षेत न येणारा भाग

वीस वर्षं मी रविवारच्या वर्गात
कलिन्याच्या पोरांना धर्मशिक्षण दिलं.
हरवलेलं मेंढरू, रानातली फुलं,
पाच भाकरी, दोन मासे.
मासे कुठले, बस्त्यावच्या नातवानं विचारलं एकदा.
बोंबील नसावेत, मी म्हटलं, आणि वर्ग हसला.
जे वचन घशात काट्यासारखं अडकायचं
ते पान मी थुंकी लावून उलटायचे:
हे सोडा. परीक्षेत येत नाही.

आमच्या चर्चवरून विमानं उतरतात.
फादर मध्येच थांबतात, हात तसाच वर,
आवाज गेला की वाक्य पुढे.
आगेऱ्याच्या रविवारी ते म्हणाले,
तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास
आणि तिथं तुला आठवलं, की तुझ्या भावाच्या
आणि विमान आलं.

तेवढ्यात मी ते वाक्य माझ्या सोयीनं पुरं केलं.
भावाची यादी मला जपमाळेसारखी पाठ.
इनासनं विहिरीवर स्लॅब टाकला.
इनासनं खोली वाढवली, माझ्या चुलीवरची खिडकी बुजवली.
वांद्र्याच्या कोर्टात अकरा वर्षं
बाकाच्या त्या टोकाला तो, या टोकाला मी,
मध्ये वकिलांच्या पिशव्या.
करीन क्षमा, मनात म्हटलं,
मोठ्या मनानं करीन, चारचौघांत,
लाल लुगडं नेसून.

विमान गेलं.
की तुझ्या भावाच्या मनात, फादर म्हणाले,
तुझ्याविरुद्ध काही आहे.

त्याच्या मनात.
माझ्याविरुद्ध.

हातात भाताच्या लोंब्या होत्या, वसईहून विकत आणलेल्या.
आमचं शेत बापाच्या हयातीतच धावपट्टीखाली गेलं.
लोंबीचं कुसळ बोटात शिरलं
आणि मला आठवलं, जे मी कधी विसरलेच नव्हते.
आई गेली तेव्हा तो बोटीवर होता.
फोनवर म्हणाला, दोन दिवस थांब, राकेल, मी येतो.
लोकांना मी सांगितलं, मे महिना, उकाडा, कशी ठेवायची.
बर्फ मिळत होता.
कुर्ल्याला हवा तेवढा बर्फ मिळत होता.
मला त्या दिवशी
आईचं एकुलतं लेकरू व्हायचं होतं.

अर्पण तिथंच ठेव. आधी जा.
देव म्हणतो, मी थांबतो.
असं कुणी बोलतं का?

तो पाण्यावर चालला, मी मानलं.
तिसऱ्या दिवशी उठला, मानलं.
भाकर त्याचं शरीर होते, गुडघे टेकून मानलं.
यांतल्या कशासाठीही
मला गल्ली ओलांडावी लागली नव्हती.

लोंब्या पायरीवर ठेवल्या.
पास्कूनं पदर ओढला, अगं, अजून मिस्सा आहे.
कॉयरमधली फिलोमेन गाता गाता बघत राहिली.
बाहेर ऊन. चपला घालताना
डाव्या पायात उजवी घातली.

दार इस्पेरान्सनं उघडलं, हात मसाल्यानं लाल.
ते मटण आणायला गेलेत, ती म्हणाली.
भाऊ घरी नसला तर काय करायचं
ते वचनात नाही.
बस, ती म्हणाली. नणंद म्हणाली नाही, पण बस म्हणाली.

बसले. समोर भिंत.
माझी खिडकी जिथं होती, बरोब्बर तिथं
या बाजूनं आईचा फोटो,
खाली लाल बल्ब, ताजा झेंडू.
अकरा वर्षं मी पलीकडून
या भिंतीला शिव्या देत भाकऱ्या थापल्या.

चर्चची घंटा झाली.
माझ्याजवळ शब्द नव्हता, एकसुद्धा.
बोटातलं कुसळ दातानं काढत होते
तोच जिन्यावर चपला वाजल्या, एक पाय जरा ओढत.
त्याचा गुडघा दुखतो, हे मला माहीत नव्हतं.

मी उभी राहिले.
वर विमान येत होतं.