चारशे वीसचा दिवस

लोकांची सुगी दिवाळीच्या आगेमागे,
माझी वैशाखात.
परभणीचा पारा चव्वेचाळिसाला टेकला
की वसमत रोडवरच्या माझ्या टपरीपुढं
कूलरच्या जळक्या पंपांची रांग लागते,
आणि ढगांनी तोंड दाखवलं की मी रिकामा.

सत्यशीलेनं एकदा लाइटबिलाच्या पाठीवर
सगळं मांडलं:
भाडं, किराणा, दूध, गॅस,
आम्रपालीच्या शाळेचा ऑटो, आईच्या बीपीच्या गोळ्या,
आणि काय काय.
बारा हजार सहाशे.
त्याला तिसानं भागलं
आणि पेन खाली ठेवून हसतच सुटली.
"चारशे वीस!
एवढ्या इमानदार घराचा
रोजचा आकडा बगा कसा निघाला."

त्या रात्रीपासून रुपये मोजायचं सोडलं.
दिवस मोजू लागलो.

दोन पंप, एक मिक्सर: अर्धा दिवस बाजूला.
मंगल कार्यालयाचे सहा जम्बो कूलर:
एकदम चार दिवस.
सोमवारी पोस्टात भरायचं,
आणि पासबुक ठेवायचं
एका मेलेल्या स्टॅबिलायझरच्या खोक्यात,
जिथं चोरही हात घालणार नाही.

"भाचीच्या लग्नातला आहेर, ही अडचण का?"
"तारीख छापून येती ती कसली अडचण?"
"फ्रिज बिघडला तर?"
"मग तुमी कशाला बसलाव?"
"आई पडली तर?"
ती काही बोलली नाही.
वहीत नुसती एक रेघ ओढली,
साठाव्या दिवसापाशी.

मोटरसायकलचा हप्ता थकला म्हणून साडू आला, विश्वदीप.
"किती हायत तुझ्याकडं?"
"एक्केचाळीस."
"हजार?"
"दिवस."
त्याला कळलं नाही. मीही समजावलं नाही.
चहा पिऊन गेला.
त्या रात्री घास गोड लागला नाही,
हेही सांगायला पाहिजे.

मग ते साल आलं.
एप्रिलभर आभाळ, मे महिन्यात गारा.
लोक गच्चीवर चादर ओढून झोपले, खुशीत.
साऱ्या गावात उकाडा फक्त आमच्या घरात.
टपरी उघडायची, झाडायची,
पान्हे ओळीनं लावायचे, परत उचलायचे.
रोज एक दिवस पासबुकातून उतरायचा
आणि तोच दुसऱ्या दिवशी सकाळी
दुधाची पिशवी होऊन दारात पडायचा.

भाडं पाच तारखेलाच गेलं.
ऑटोवाला थांबला नाही.
आईनं गोळी अर्धी तोडली नाही.
आमच्यावर काय येऊन गेलं
शेजारच्या भिंतीलासुद्धा कळलं नाही.
मला वाटायचं, वाचलो तर
ढोल वाजल्यासारखं काही वाटंल.
तसं काही झालं नाही.
वरणात नेहमीइतकंच मीठ होतं.

आता पासबुकात तीन दिवस आहेत.
सत्यशीलेनं जुनी रेघ खोडली नाही,
नुसतं वहीचं पान उलटलं.

आज एक मोटर आली आहे रिवाइंडिंगला.
जळकी तार आधी पूर्ण उपसावी लागते,
मग नवी, फेरा फेरा मोजत.
मधी कुणी बोललं की आकडा चुकतो,
अन् चुकली की पुन्हा जळते.

ती डबा घेऊन टपरीपाशी आली.
"काय पुटपुटायलाव?"
मी हातानंच थांब म्हणालो.
एकशे सतरा.
एकशे अठरा.