इतर

पुंता अरेनासला जूनमध्ये साडेपाचलाच रात्र होते.
वारा असा की चौकात दोर बांधतात
आणि माणसं दोराला धरून रस्ता ओलांडतात.

घरात एकच लॅपटॉप. मामाच्या ऑफिसातून निवृत्त होऊन आलेला.
माउस नाही. 'ए'ची कळ एकदा दाबली की दोनदा उमटते,
म्हणून मी पुसत पुसत लिहिते.
चित्रांच्या खिडक्या उघडल्या की त्याला धाप लागते,
म्हणून मी काळ्या पडद्यावरच राहते.
तिथे एक काडी लुकलुकते नुसती,
काय हुकूम, विचारत.

माझ्या फायलींची नावं अशी:
इतिहास. इतिहास नवा. इतिहास शेवटचा.
इतिहास शेवटचा आता खरंच.
जीवशास्त्र तर निनावी, सतरा वेळा.
ओल्मेदो सर म्हणाले, यास्ना,
तुझा निबंध पोचला, पण तो गेल्या वर्षीचा होता.
आणि गेल्या वर्षी तू बरं लिहायचीस.
वर्ग हसला. मीही हसले, काय करणार.

त्या रात्री आठ ओळी लिहिल्या.
प्रत्येक फाइल हातात घे.
नावात 'इति' दिसलं तर इतिहासाच्या खणात,
'जीव' दिसलं तर पलीकडच्या.
पुढे तारीख लाव: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस,
म्हणजे आपापल्या रांगेत उभ्या राहतील,
कुणाला ओरडायला नको.
ज्याचं काहीच कळत नाही
ते 'इतर'मध्ये टाक.

पहिल्यांदा ते अडखळलं नावातल्या मोकळ्या जागेला.
'शेवटचा' नावाचं इथे कुणी राहत नाही, म्हणालं.
मग प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत गुंडाळलं,
बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं.

आणि मे महिन्याची आठवण होतीच.
एक चांदणी चुकीच्या जागी टाकली होती मी,
चांदणी म्हणजे 'सगळं',
आणि सुक्याबरोबर ओलंही गेलं, अख्खं भूमिती.
तेव्हापासून स्क्रिप्टला सांगते,
आधी फक्त बोलून दाखव. करू नकोस.

ते बोलू लागलं. भराभर ओळी.
ही इकडे जाईल, ती तिकडे जाईल.
खाली, 'इतर'मध्ये, चार नावं माझी नव्हती.
तारेएआ एक. तारेएआ दोन. तीन. चार.
तारेआ म्हणजे गृहपाठ, पण 'ए' जोडीने,
कुणी न पुसलेला.

उघडल्या.
अपूर्णांकांची बेरीज, तीन चुका.
देशांच्या राजधान्या, पेरूची रिकामी.
चौथीत परिच्छेद, 'माझं घर'.
मी खेकड्यांच्या कारखान्यात पाय फोडते, असं सुरू होतं.
माझी मुलगी रात्री काळ्या पडद्याशी बोलते.
तिचं काहीतरी हरवलं आहे, ती सांगत नाही.
खाली नाव: एएर्मिंदा.

मंगळवारी नि गुरुवारी आई
चर्चच्या शिवणवर्गाला जाते.
दोन वर्षं झाली. घरात एक रुमालही शिवून आला नाही,
आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही,
मी, जी तारखेनुसार सगळं लावते.

नवव्या ओळीत तिच्या नावाचा खण केला.
छान दिसत होता.
मग वाटलं, उद्या ती येईल,
जिथे ठेवलं तिथे शोधेल,
सापडणार नाही, आणि कुणाला विचारणार?
तिला पुसायची कळच ठाऊक नाही.

खण काढून टाकला.
त्या जागी लिहिलं:
जिथे 'ए' जोडीने आला असेल
तिथे हात लावू नकोस. पुढे जा.

एंटर.
काडी लुकलुकली, सगळं हललं,
चार फायली होत्या तिथेच राहिल्या.

साडेनऊला दार वाऱ्याने उघडलं, मागून आई.
चर्चमध्ये आज फार गारठा होता, म्हणाली.
बोटं फुंकत होती, करंगळीला शाई.
मी म्हटलं, किटली ठेवते.
आणि जरा वेळाने, पाठ करूनच,
पेरूची राजधानी लिमा, नाही का गं,
मला नेहमी विसरायला होतं.