ऐकू आले : चार

वही दुधाची आहे, सामूहिक शेताची.
गाईचा नंबर, सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर,
असे छापील रकाने.
एल्मारने त्यांत भरलंय ते वेगळंच :

२८ मार्च. बर्फ हलला. रात्रभर आवाज, कुणी कपाट ओढावं तसा.
२ एप्रिल. क्रौंच, सात. फार उंच.
१९ एप्रिल. कुंपणाच्या सावलीत पहिलं निळं फूल. देठावर लव.
११ जून. गवतात तो पक्षी रात्रभर कंगव्यावर नख ओढतोय. झोप नाही. बरं वाटलं.

आमच्याकडे ऋतू पाच.
पाचवा कॅलेंडरात नाही, तो हालिस्ते नदी ठरवते.
हिवाळा उठून गेलेला, वसंत अजून बूट शोधतोय,
आणि मधल्या फटीतून पाणी येतं :
कुरणावर, पोस्टाच्या वाटेवर,
सौनाच्या तिसऱ्या पायरीवर.

तेव्हा एल्मार आपली होडी काढायचा,
एकाच खोडातून कोरलेली, आस्पेनच्या,
आणि मला पुढे बसवायचा.
मी नऊ वर्षांची, मांडीवर वही, नाक गळतंय.
"हलू नकोस, वाइके."
माझ्या नावाचा अर्थ शांत.
आईने ठेवलं, तेव्हा आमची ओळख व्हायची होती.

काम सोपं.
पाण्यात उभ्या स्प्रूसच्या काळोखात तो वल्हं थांबवायचा
आणि मी कान द्यायचे.
एक पक्षी असतो, पाच ग्रॅमचा, माथ्यावर हळदीची रेघ.
आम्ही त्याला अंगठ्याएवढा पोरगा म्हणतो.
त्याचा आवाज इतका बारीक,
की सुईच्या नेढ्यातून ओवता येईल
आणि तरी जागा उरेल.
ऐकू आला की मी बोट वर करायचं.
बोट वर, की तो पेन्सिलीने काडी मारायचा.
होडी बांधताना बेरीज.

मला वाटायचं, खेळ आहे.
मला वाटायचं, तो मला शिकवतोय.

परवा त्याच्या भाचीने खोकं आणून दिलं,
वरती साबणाचा वास, खाली वह्या.
मी माझं बालपण शोधत पानं उलटत होते
आणि त्याच्या थोडं आधीच थांबले.

१९७४. अंगठ्याएवढे : चौदा.
१९७६. नऊ.
१९७७. तीन.
१९७८. एकही नाही.
शाई इतकी दाबलेली, की मागच्या पानावर हाताला लागते :
एकही नाही. झाडं तीच. थंडी नेहमीची. मग गेले कुठे?

पुढच्या एप्रिलमध्ये, बारीक अक्षरात :
शेजारची मुलगी दूध न्यायला आली. म्हणाली,
किती कलकलतायत हे वर, तुम्हाला त्रास नाही होत?
पक्षी आहेत. कान गेले.

त्याखाली पट्टीने आखलेला नवा रकाना.
डोक्यावर माझं नाव.
सोळा काड्या.

त्याने मला कधी सांगितलं नाही.
मीही कधी विचारलं नाही,
की माझं बोट वर जाईपर्यंत
तो झाडांकडे नाही, माझ्याकडे का बघतो.

यंदा पाणी जानेवारीतच आलं,
बर्फाशिवाय, आगंतुकासारखं.
एका सांबराएवढ्या एल्कचे ठसे दारापर्यंत येऊन बुडाले.
काल मी होडी काढली. प्लास्टिकची आहे, हिरवी.
स्प्रूसखाली थांबले. वय चोपन्न.
सवयीने बोट वर गेलं,
बघायला कुणी नव्हतं, तरी थोडा वेळ तसंच ठेवलं.

घरी येऊन लिहिलं : अंगठ्याएवढे, चार होते.
मग खोडलं.
ऐकू आले : चार.
शेजारचा रकाना कोरा ठेवलाय.