वीतभर

नेफ्ताच्या पुढे खजुराची शेवटची सावली संपते,
तिथून मीठच मीठ.
मी बाईंची छत्री धरायचो, दिवसाला वीस दिनार.
बाई परक्या देशाच्या.
मुंग्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायच्या, सोडायच्या,
आणि घड्याळाकडे बघत बसायच्या.

मुंगी निघते ऐन दुपारी,
उन्हानं मेलेली एखादी माशी शोधायला.
पाय असे उचलते की जमिनीला देणं लागत नाही.
जाते नागमोडी, पावलं मोजत, सूर्य डोळ्यात धरून;
सापडली की सरळ रेघेत परत.
पण लांबच्या हिशेबात थोडी चूक राहतेच,
आणि बिळाचं तोंड करंगळीएवढं.

काठाला, झुडपांजवळ, बिळं सपाट.
आत, जिथे नजरेला धरायला काहीच नाही,
तिथे प्रत्येक बिळावर मातीचा उंचवटा.
कोणी दुरून बघितलं तर दिसावा इतका.

एके सकाळी बाई म्हणाल्या, तिजानी, फावडं.
मी सोळा उंचवटे सपाट केले.
निम्म्यांच्या शेजारी त्यांनी काळे नळकांडे उभे केले.
तिसऱ्या दिवशी पाहिलं तर
नळकांड्यांशेजारच्या बहुतेक मुंग्यांनी कणही हलवला नव्हता.
बाकीच्यांनी पुन्हा रचलं होतं, ओल्या खारट मातीचं,
कण कण तोंडात धरून.

रचणाऱ्यांच्या पाठीवर ठिपका नव्हता.
बाई म्हणाल्या, या अजून बाहेर गेलेल्याच नाहीत.
मी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

माझी आई मब्रूका मिठावर कधी गेली नाही.
बाप ट्रक घेऊन आत जायचा,
आणि ती गच्चीवर तेलाचे रिकामे डबे
एकावर एक लावायची,
वर पांढरा चुना.
ज्या वर्षी वादळ आठ दिवस राहिलं
त्या वर्षी तिनं अकरावा डबा लावला.
मी खालून शिडी धरली होती.
विचारलं, कोणाला दिसणार आहे?
ती म्हणाली, तू शिडी धर.

बाप नवव्या दिवशी आला.
डब्यांबद्दल एक शब्द नाही,
पाणी मागितलं, आणि ट्रकच्या पट्ट्याबद्दल बोलला.

बाईंनी वही पुढे केली. उंची?
मी गुडघे टेकून हात लावला,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.
वीतभर, म्हणालो.
त्या म्हणाल्या, सेंटीमीटरमध्ये सांग.
मी पट्टी शोधायला लागलो.