कडेने धरा

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
हॅलिफॅक्सच्या मेथडिस्ट चर्चमागच्या हॉलमध्ये
बॅडमिंटनच्या रेघांवर आम्ही टेबलं मांडतो,
वर हिरवी बनात.
आठ जण. कधी सहा. जानेवारीत चारच होतो,
त्यातला एक हीटर दुरुस्त करायला आलेला.

क्लाइव नियम वाचतो, जणू आम्ही कालच जन्मलो:
नाणं कडेने धरा. चेहऱ्याला बोट लावू नका.
घामात आम्ल असतं.
एकतीस वर्षं मी इथल्याच इस्पितळात नर्स होते,
घामात काय काय असतं
ते मला क्लाइवने सांगू नये.
पण कडेने धरते.

तसव्वुर बस चालवतो.
त्याने बारा कोनांच्या थ्रीपेनींचं आख्खं कुटुंब आणलंय,
फक्त सेहेचाळीस साल मिळायचं आहे.
त्या रिकाम्या खळग्यालाही तो फडक्याने पुसून घेतो.
मॉरीनकडे गिरणीमालकाने पाडलेली टोकनं,
त्यांवर पीठ मिळायचं, पण मालकाच्याच दुकानात.
ती ती जरा रागानेच मांडते.

मी शिवराई काढली.
त्र्याऐंशी साली, पुण्याच्या जुन्या बाजारात,
कुलपं आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगातून
चार रुपयांना. त्याने पाच सांगितले होते.
ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान,
म्हणून नाव कधी पुरतं मावत नाही:
माझीवर 'छत्र' आलंय,
'पति' काठाबाहेर सांडलंय.
तसं पाहिलं तर माझंही.

'म्हणजे काय गं?' मॉरीन विचारते.
छत्र, मी म्हणते, राजाच्या डोक्यावरचं,
आणि अडते,
कारण इंग्रजीत छत्राला आणि छत्रीला एकच शब्द,
आणि दाराशी आठ छत्र्या ठिबकत उभ्या.

मग नाणं विल्फकडे गेलं.
विल्फ हॅलिवेल, एकोणऐंशी, जन्मभर मागांचा फिटर.
डोळे साखरेने नेले, तेव्हा त्याने संग्रह विकला
आणि येणं सोडलं नाही.
तो आमची नाणी हाताने बघतो.
क्लाइव त्या वेळी वहीत काहीतरी शोधतो.

विल्फने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. पुन्हा.
'थांबा,' म्हणाला, कुणीच घाई केली नव्हती.

लोकांना वाटतं, साखर डोळ्यांवर थांबते.
बोटं गुपचूप जातात.
वर्षभर तो वजनावरून ठोकून देतोय,
हे त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं,
आणि मी नाडी मोजताना गप्प बसते
तशी गप्प होते.

त्याने शिवराई उचलली
आणि खालच्या ओठाला लावली.

क्लाइवचं पेन थांबलं.
विल्फने नाणं सावकाश फिरवलं, डावीकडून उजवीकडे,
बाळाच्या दुधाचा गरमपणा बघावा
इतक्या जपून.

'इथे भोक होतं,' तो म्हणाला. 'वरच्या अंगाला.
कुणीतरी बुजवलंय. हात बरा होता त्याचा.
गळ्यात घालायचं कुणीतरी हे.
एक बाजू जास्त गुळगुळीत आहे बघ.
कातडीकडची.'

चाळीस वर्षं ते भिंगाखाली पाहिलंय मी.
कोण होतं, कुणी बुजवलं,
गळ्यातलं पुन्हा बाजारात चालवायची
पाळी कुणावर आली,
ते काही विल्फच्या ओठाला कळलं नाही.
कुणीच नाणं पुसलं नाही.
क्लाइव म्हणाला, चहा निवतोय.

रात्री पाकिटावर नवी ओळ लिहिली:
भोक बुजवलेले.
मग रिवाजाप्रमाणे जुनी किंमत खोडून
निम्मी केली.

दिवा मालवला. ओठाला लावलं.
थंड. तांब्याच्या लोट्याची चव.
काही लागलं नाही.

थोडं वर सरकवलं.